जुन्या इंजिनाचे काम : हुनर हाताशी आहे, वही हवी

चामोर्शी, आष्टी, मूल, गडचिरोली या पट्ट्यात गॅरेज चालवणाऱ्या आमच्या बांधवांपुढे आज एक साधा पण कठीण प्रश्न उभा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची मानके लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. दोष शोधायला कान आणि हात पुरेनासे झाले, स्कॅनर लागू लागला. सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांमुळे आमच्या रस्त्यावर ट्रकांची रांग वाढली हे खरे. परंतु नवा ट्रक वॉरंटीच्या काळात कंपनीच्या वर्कशॉपलाच जातो. आमच्या गॅरेजवाल्याच्या वाट्याला पंक्चर, ऑइल बदलणे आणि वेल्डिंगचा एखादा टाका एवढेच उरते.

मग ज्या उस्तादांनी तीस-तीस वर्षे पॉइंटचा गॅप, टॅपेटची सेटिंग आणि कार्बोरेटरचे जेट यांवर हात बसवला, त्यांचे हुनर वाया गेले काय? आमचे स्पष्ट मत असे की ते वाया गेलेले नाही. त्याला किंमत देणारा ग्राहक मात्र बदलला आहे. रोजच्या वापराच्या गाडीवाल्याला हे हुनर नको आहे. जुनी गाडी जतन करणाऱ्या हौशी मालकाला ते हवे आहे आणि ते येणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या धंद्यातील सर्वात अवघड आणि सर्वात मानाचे काम म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या जुन्या गाडीसाठी तिच्या काळाला धरून जास्त ताकदीचे इंजिन बांधणे. हे काम नेमके काय आहे, त्यात कुठे फसगत होते आणि आमच्या कारागिरांनी ते कोणत्या अटींवर घ्यावे, हे येथे मांडत आहोत.

काळाला धरून म्हणजे काय?

हवेवर थंड होणाऱ्या मोटारीचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. १९३८ साली जन्मलेली ही गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे बंद झाली. तोपर्यंत अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. भारतात तिचे उत्पादन कधी झाले नाही. मुंबई-पुण्याकडच्या हौशी मालकांजवळ ज्या आहेत त्या बाहेरून आलेल्या. इंजिन मागे, चार सिलिंडर जमिनीला समांतर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. रेडिएटर नाही, पाणी नाही. पट्ट्यावर फिरणारा पंखा पत्र्याच्या आवरणातून हवा ढकलतो आणि ती हवा सिलिंडरवरच्या फिनांमधून जाते.

१९५४ नंतरच्या बीटलचे इंजिन ११९२ सीसीचे होते. बोअर ७७ मिमी, स्ट्रोक ६४ मिमी, ताकद ३० अश्वशक्ती. एवढ्या ताकदीवर समाधान न मानणारे लोक त्या काळीही होते. जर्मनीत गेरहार्ड ओएटिंगर यांनी ‘ओक्रासा’ नावाचा संच बाजारात आणला. मूळ इंजिनात एका बाजूच्या दोन सिलिंडरना मिळून हवा-पेट्रोलाची एकच वाट असे आणि मधोमध एकच कार्बोरेटर. ओएटिंगर यांच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट मिळाली आणि प्रत्येक बाजूला एक सोलेक्स कार्बोरेटर आला. पुढे ६९.५ मिमी स्ट्रोकचा क्रँकही मिळू लागला. तो घातला की ११९२ सीसीचे इंजिन जवळजवळ १२९५ सीसीचे होते. ताकद चाळिशीच्या पुढे जाई. अमेरिकेत ‘जडसन’ नावाच्या सुपरचार्जरने हेच काम वेगळ्या वाटेने केले. १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावी पहिली पोर्शे ३५६ तयार झाली, तीही याच बीटलच्या इंजिनात सुधारणा करून.

आता मुद्दा लक्षात येईल. १९५६ सालच्या गाडीत आजचे दोन लिटरचे इंजिन बसवून तिला पळवणे फार कठीण नाही. पैसे असले की झाले. परंतु ती १९५६ ची गाडी राहत नाही. काळाला धरून बांधणे म्हणजे त्या गाडीच्या मालकाला त्या वर्षी बाजारात जे मिळू शकले असते, तेवढ्याच साधनांनी जास्त ताकद काढणे. डायनामोच्या जागी अल्टरनेटर चालणार नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालणार नाही. सहा व्होल्टची गाडी असेल तर ती सहा व्होल्टचीच राहिली पाहिजे. ही बंधने पाळून जो इंजिन उत्तम चालवून दाखवतो, तोच खरा कारागीर. मोठे इंजिन बसवणे हा पैशाचा खेळ आहे, लहान इंजिनातून ताकद काढणे हा मापाचा खेळ आहे.

हे आमच्या हातचे काम आहे काय?

कोणी म्हणेल, चामोर्शीत बीटल कुठे आहे? बरोबर आहे, नसेल. परंतु ज्याने बजाज चेतकचे इंजिन उघडले आहे त्याला पत्र्याच्या काउलचे महत्त्व सांगावे लागत नाही. चेतकलाही पंखा आहे, काउल आहे. काउल काढून फेकली तर इंजिन धरते, हे गल्लीतला पोरगाही जाणतो. ज्याने जुन्या बुलेटचा बीडाचा सिलिंडर बोअर करून आणला आहे, त्याला हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनची मोकळीक किती ठेवावी हे ठाऊक आहे. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली ३४६ सीसीची बुलेट, बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, ही आमच्या भागातील सर्वात मोठी शाळा आहे. बीटल म्हणजे त्याच विद्येची पुढची इयत्ता.

दुसरे असे की गाडी येथे यावी लागत नाही. बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी बोल्टने धरलेले असते आणि खालून उतरते. वजन शंभर किलोच्या आसपास. नागपूर किंवा हैदराबादहून मालवाहू गाडीत घालून ते कोणत्याही गावी पाठवता येते. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग ही यंत्रावरची कामे चंद्रपूर-नागपूरला करून घेता येतात. उरलेले काम हातांचे, डोळ्यांचे आणि सबुरीचे आहे. त्याला मोठे शहर लागत नाही.

आणि शिक्षणाची सबब कोणी पुढे करू नये. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर तयार केली होती. १९७५ च्या सुमारास तो उद्योग थांबला, कारखाना उभा राहिला नाही. पण मोठ्या कंपनीचे पाठबळ नसताना एका मराठी कारागिराने गाडी धावती केली, ही गोष्ट खोटी ठरत नाही.

मापाचा खेळ

या कामात कुठे लक्ष द्यावे लागते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे काम घेणाऱ्याला अंदाज येईल.

पहिली गोष्ट क्रँककेस. बीटलची केस हलक्या मॅग्नेशियम मिश्रधातूची आणि दोन अर्ध्या भागांची असते. वर्षानुवर्षे क्रँकचा मार बसून मधल्या मेन बेअरिंगचे घर अंडाकृती होते. नवे बेअरिंग घालून हा दोष जात नाही, लाइन बोअरिंग करावे लागते. ते न करता वरून दोन कार्बोरेटर लावणे म्हणजे कच्च्या पायावर माडी चढवणे होय. क्रँकची पुढे-मागे हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी इतकीच हवी. ती तीन शिम घालून साधतात. डायल गेज नसेल तर हे काम हातात घेऊच नये.

दुसरी गोष्ट तोल. चारही पिस्टन आणि चारही कनेक्टिंग रॉड वजनाने सारखे हवेत. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सराफाकडे असतो तसला काटा पुरतो. सर्वात हलका रॉड बाजूला काढावा आणि बाकीचे तीन जपून घासून त्याच्या वजनाला आणावेत. मोठ्या टोकाचे आणि लहान टोकाचे वजन वेगवेगळे करावे. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात ही मेहनत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की जास्त ताकद जास्त फेऱ्यांतून येते आणि जास्त फेऱ्यांत ग्रॅमांचे धक्के किलोंचे होतात.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशन. येथे सर्वाधिक गॅरेजवाले अंदाजावर जातात. अंदाज नको, हिशेब करावा. ११९२ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान २९८ सीसी होते. मूळ कॉम्प्रेशन ६.६ ला १ असे. म्हणजे पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर ५३ सीसी जागा उरते. तेच ७.५ ला १ करायचे असेल तर ४६ सीसीपेक्षा थोडी कमी जागा हवी. ८ ला १ साठी साडेबेचाळीस. ही जागा काचेच्या मापनळीतून पातळ तेल सोडून मोजता येते. चारही चेंबरचे माप सारखे आले पाहिजे. तीन सारखे आणि एक कमी, असे इंजिन चालेल, पण कमी जागेचा सिलिंडर आधी तापेल आणि आधी मरेल.

चौथी गोष्ट हवेची वाट. पंख्यापासून हेडपर्यंतच्या पत्र्याचा प्रत्येक तुकडा जागेवर हवा. जुन्या गाडीत दोन-चार तुकडे हमखास गायब असतात. एखादा तुकडा नसला की खालची तापलेली हवा वर येऊन पुन्हा पंख्यात शिरते. येथे आमच्या पत्राकाम करणाऱ्या बांधवांना काम आहे. मूळ तुकड्याचा नमुना घेऊन तो हुबेहूब घडवणे, कडा वळवणे, भोके जागच्या जागी पाडणे ही कला ज्याच्या हातात आहे, त्याला हे नवे नाही.

पाचवी गोष्ट पहिली सुरुवात. इंजिन बांधून झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. नवीन कॅमशाफ्ट असेल तर पहिली वीस मिनिटे इंजिन आळशी चालीवर ठेवू नये. २००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे, म्हणजे कॅमला तेल मिळते. त्यानंतर थंड झाल्यावर टॅपेट ०.१० मिमीवर पाहावेत, पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवावा. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. अडीच लिटर तेलात जी घाण आली ती तेलातच राहते. म्हणून पहिले तेल लवकर बदलावे. ग्राहक घाई करील. त्याला घाई करू देऊ नये.

आमचे ऊन आणि आजचे पेट्रोल

जर्मनीत बांधलेल्या युक्त्या विदर्भात जशाच्या तशा चालत नाहीत, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. साधा हिशेब पाहा. फिनांचा पृष्ठभाग १५० अंशांवर आहे असे धरले, तर २० अंशांच्या हवेत फरक १३० अंशांचा पडतो आणि ४५ अंशांच्या हवेत १०५ अंशांचा. उष्णता जाते ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे थंड करण्याची शक्ती जवळजवळ एक पंचमांश घटली. शिवाय तापलेली हवा विरळ असते, तिथे आणखी आठ टक्के गेले. जे इंजिन युरोपात ८ ला १ कॉम्प्रेशनवर सुखाने चालेल, ते आमच्या उन्हात ठोके देऊ लागेल. आमच्या भागात चालणाऱ्या गाडीसाठी ७.५ च्या वर जाऊ नये, असे आमचे मत आहे. दोन अश्वशक्ती कमी मिळाल्या तरी चालतील.

त्यातच बीटलचा एक जुना दोष आहे. तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. तिसऱ्या सिलिंडरला मिळणारी हवा कमी आणि आधीच तापलेली. कंपनीने पुढे १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून ही चूक सुधारली. आता १९५६ च्या गाडीसाठी इंजिन बांधताना १९७१ ची सुधारणा वापरावी काय? वापरली तर इंजिन थंड राहील, पण काळ चुकेल. नाही वापरली तर काळ राहील, पण तिसरा पिस्टन जपावा लागेल. आमचा सल्ला असा : गाडी प्रदर्शनाला आणि सकाळच्या फेरीला जाणार असेल तर जुनीच रचना ठेवावी, कूलर आतून-बाहेरून स्वच्छ करावा आणि कॉम्प्रेशन कमी ठेवावे. गाडी उन्हात लांब पल्ल्याला जाणार असेल तर नवी रचना घालावी, पण ग्राहकाला विचारून आणि लिहून. कारागिराने परस्पर निर्णय घेऊ नये. गाडी त्याची नाही.

पेट्रोलचेही तसेच. शिशाचे पेट्रोल देशातून २००० साली गेले. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापलेले हेड. म्हणून मुख्य जेट एखाद-दुसऱ्या नंबरने मोठा घालून प्लगचा रंग पाहून ठरवावे. जुन्या रबराच्या नळ्या, डायफ्राम आणि सुईची गादी या पेट्रोलात फुगतात. तिथे इथेनॉल सोसणारा माल घालावा, मग तो आधुनिक का असेना. पेट्रोलची नळी फुटून मागच्या गरम इंजिनावर थेंब पडला तर गाडी जळते. जिवाचा प्रश्न आला की काळाचा आग्रह सोडावा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवणे बरे.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाची ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. आणि महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. याशिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या फेरबदलावर बंधन घालतेच.

येथेच काळाला धरून बांधण्याचा व्यवहारी अर्थ उघड होतो. ज्या मालकाला ‘व्हीए’ नंबर हवा आहे त्याच्या गाडीचे इंजिन वाढवण्याआधी आरटीओला विचारून घ्यावे. आमच्याकडे एमएच-३३ गडचिरोली आणि एमएच-३४ चंद्रपूर. कोणते बदल चालतील ते लेखी मिळाले तर उत्तम. तोवर मूळ क्रँककेस, मूळ हेड, मूळ कार्बोरेटर यांपैकी काहीही विकू नये, वितळवू नये, अदलाबदल करू नये. बीटलचा इंजिन नंबर केसवरच, डायनामोच्या बैठकीवर कोरलेला असतो. केस बदलली की नंबर बदलला आणि मालकाची कागदपत्रे खोटी ठरली. शक्यतो असे बदल करावेत जे पुन्हा उलटे फिरवता येतील. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा आणि पेटी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी. आणि नंबर ठोकून देण्याचे काम कोणी कितीही पैसे दिले तरी करू नये. तो गुन्हा आहे. त्यात मालक सुटतो आणि कारागीर अडकतो.

हाच नियम दुचाकीला लागू आहे, हे आमच्या गॅरेजवाल्यांनी विसरू नये. १९७५ पूर्वी नोंदलेली बुलेट, लॅम्ब्रेटा किंवा अगदी पहिल्या वर्षांतील चेतक आज या नियमाच्या कक्षेत येते. गोठ्यात कोंबड्यांखाली पडलेली अशी गाडी भंगाराच्या भावाने कापून टाकण्याआधी तिचा नंबर आणि तिचे कागद एकदा पाहावेत.

अस्सल, नक्कल आणि आधुनिक

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. या धंद्याची खरी पुंजी विश्वास आहे. इंजिन एकदा बंद झाले की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. बाहेरून ओक्रासाचे हेड दिसते. ते १९५० च्या दशकातील अस्सल आहे की अलीकडे घडवलेली नक्कल आहे, हे ग्राहकाला कळत नाही. नक्कल वाईट असते असे नाही. पुष्कळदा नव्या नकलेचा धातू जुन्या, भेगाळलेल्या अस्सल हेडपेक्षा चांगला असतो. परंतु नक्कल अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे. मालातला दोष सांगून विकावे, ही व्यापाराची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. ती कापडाला लागू आहे तशी इंजिनालाही लागू आहे.

म्हणून आम्ही प्रत्येक कारागिराला आग्रहाने सांगतो, तीन याद्यांची वही ठेवा. पहिली यादी त्या काळच्या अस्सल मालाची. दुसरी यादी नव्याने बनवलेल्या नकलेची, कोणाकडून घेतली त्याच्या पावतीसह. तिसरी यादी आधुनिक मालाची, जसे इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवे ऑइल सील. सोबत मापे लिहावीत : चारही चेंबरचे सीसी, चारही रॉडची वजने, क्रँकची हालचाल, टॅपेट, जेटचे नंबर. इंजिन बंद करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत. वहीची एक प्रत ग्राहकाला, एक आपल्याला.

ही वही कारकुनी नाही, ती कमाई आहे. दहा वर्षांनी तो मालक गाडी विकायला काढील तेव्हा वहीमुळे गाडीची किंमत वाढेल आणि घेणारा पुढच्या कामासाठी त्याच वहीवरचे नाव शोधत येईल. आमच्या उस्तादांचे हुनर आजवर त्यांच्या डोक्यात राहिले आणि त्यांच्याबरोबरच गेले. शागीर्दाला चपराक मिळाली, पण मापाचा कागद मिळाला नाही. ही पद्धत आता सोडली पाहिजे.

मजुरी कशी ठरवावी?

आमचा गॅरेजवाला येथेच मार खातो. उदाहरणादाखल हिशेब मांडू. अशा इंजिनाला १२० तास लागले असे समजा. रोज आठ तास आणि ७०० रुपये रोज या दराने पंधरा दिवसांचे १०,५०० रुपये होतात. तोच कारागीर ३०० रुपये तास या दराने हिशेब मांडील तर ३६,००० होतात. काम तेच, हात तेच. फरक एवढाच की पहिल्या हिशेबात तो मजूर आहे आणि दुसऱ्यात जाणकार. पण तासांचा दर मागायचा तर तास लिहिलेले हवेत. ‘द्या काय द्यायचे ते’ हे वाक्य या धंद्यातून कायमचे गेले पाहिजे. नम्रता वागण्यात असावी, बिलात नसावी.

स्पेअरचे पैसे आगाऊ घ्यावेत. यंत्रावरच्या कामाची पावती ग्राहकाच्या नावे फाडावी. इंजिन उघडल्यावर काय निघाले ते ग्राहकाला कळवून, त्याचा होकार आल्यावरच पुढचे काम करावे. मुदत तीन महिन्यांची लागेल असे वाटले तर पाच सांगावी. जुन्या मालाची वाट पाहावी लागते.

भांडवलाबाबत एक तक्रारही नोंदवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, मोटार मेकॅनिक नाही. ज्याने दोन पिढ्या पान्यावर काढल्या तो पारंपरिक कारागीर नव्हे, असे ठरवणाऱ्यांनी एकदा गॅरेजमध्ये येऊन पाहावे. तोवर मुद्रा कर्जाचा मार्ग खुला आहे. डायल गेज, टॉर्क पाना, वजनाचा काटा आणि काचेची मापनळी एवढ्याने सुरुवात होते. लेथच्या मागे लगेच धावू नये.

आमचे म्हणणे

सगळ्या गॅरेजवाल्यांनी उद्यापासून बीटल शोधत फिरावे, असे आम्ही सांगत नाही. हा बारीक धंदा आहे, वर्षाला दोन-चार इंजिनांचा. रोजची चूल पंक्चर आणि ऑइलवरच पेटेल. तरुणांनी स्कॅनर आणि इंजेक्शनही शिकलेच पाहिजे. त्याला पर्याय नाही. पण गावात एक तरी गॅरेज असे असावे जिथे जुन्या इंजिनाचे काम मापाने होते, वहीत उतरते आणि उघडपणे सांगितले जाते. सुरुवात बुलेटवर करावी. एक बुलेट आपल्या खर्चाने, काळाला धरून, चोख बांधावी आणि तिची वही दुकानात ठेवावी. आलेल्या ग्राहकाने ती वाचली की भाव सांगायला तोंड उघडावे लागणार नाही.

ज्यांच्या घरात असे जुने उस्ताद आहेत, त्यांच्या मुलांना आमची विनंती आहे. आज दुपारी त्यांच्याजवळ बसा आणि एक कोरी वही घ्या. बुलेटचा पिस्टन किती मोकळा ठेवायचा, हेडचे नट कोणत्या क्रमाने आवळायचे, प्लगचा कोणता रंग बरा, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. पुढच्या दहा वर्षांत हे सांगणारी माणसे राहणार नाहीत. जेटचे नंबर पुस्तकात सापडतील. आमच्या उन्हात कोणता नंबर चालतो, ते फक्त त्यांनाच माहीत आहे.